मॅडमची बोरी

कविताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. फाल्गुन संपत आला होता आणि यवतमाळच्या उन्हाला धार चढायला लागली होती. हाताला चीक लागलेला, म्हणून करंगळीने फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, बा गेले," एवढंच ती म्हणाली. मागे बायकांचं रडणं. सकाळी चहा पिऊन बाजेवर टेकले ते टेकलेच, हे नंतर कळलं. मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी उरलेल्या कुरडया घातल्या, एकेक, नीट ओळीत. माणूस गेल्याची बातमी ऐकून कुरडया घालत बसणारी ही बाई कसली, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण त्या घटकेला हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या माणसाला मला एक वाक्य सांगायचं होतं, गेली अकरा वर्षं सांगायचं होतं, आणि आता ते ऐकायला तोच उरला नव्हता.

कविताचे वडील परसराम आडे, हे नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही. महागाव तालुक्यात फुलसावंगीच्या पुढे दोन-तीन किलोमीटर आत त्यांचा बंजारा तांडा. घरात गोरबोली, बाहेर आपली वऱ्हाडी आणि साहेबलोकांशी हिंदी, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडी सहज फिरत. कपाशी-तुरीचं वावर होतं, आणि हातात लोखंडाची कला होती. तरुणपणी आर्णीच्या एका गॅरेजात ते वेल्डिंग शिकले होते. मी आर्णीकडचीच, कापसाच्या घरात वाढलेली, पुढे यवतमाळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. पऱ्हाटी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. कापूस वेचून झाला की वावरात उरतात त्या काड्या. चुलीत घालायच्या, उरल्या तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून द्यायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या जिल्ह्याचं आभाळ त्या धुराने भुरकट होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं. वाटलं ते परसरामभाऊंना.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी ते आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण बाह्यांवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आणि तिच्यात काहीतरी काळं, घट्ट, उग्र वासाचं. शिपायाने त्यांना आधी भौतिकशास्त्राकडे, तिथून ग्रंथालयाकडे असं फिरवून आणलं होतं. "हे काय होय ते सांगा, मॅडम," ते म्हणाले. "माह्या इंजिनाचा गया धरते हे." गया म्हणजे गळा; आमच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. मी बूच उघडून वास घेतला. डांबर होतं, लाकूड घुसमटून जळताना सुटतं ते. कशातून आलं म्हणून विचारलं तर म्हणाले, पऱ्हाटीतून. मी त्यांना स्टूल दिलं आणि माझा पुढचा तास बुडवला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बुडवलेले तास हाताच्या बोटांवर मोजावेत इतके; त्यातला हा एक.

गोष्ट अशी होती. आर्णीच्या गॅरेजातले त्यांचे म्हातारे उस्ताद सांगायचे, की लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारींच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर मोटारी चालवत. हे परसरामभाऊंच्या डोक्यात तीस वर्षं पडून होतं. पुढे तांड्यावर लाइट जाण्याला काही धरबंध राहिला नाही. तांड्यातली एकुलती चक्की दिवसच्या दिवस बंद पडायची आणि बाया ज्वारीचे डबे डोक्यावर घेऊन फुलसावंगीला चालत जायच्या. त्यात जमनाबाई, म्हणजे परसरामभाऊंची बायको, एकदा दळणासकट पडली आणि तिचा पाय मुरगळला. तेव्हा यांनी दोन जुने ड्रम कापले, एकात एक बसवले, आत जाड पत्र्याचा अरुंद गळा केला, खाली जाळी ठेवली आणि वरून पऱ्हाटीचे बोटभर तुकडे भरून खालून पेटवले. निघालेला गॅस पाण्याच्या टाकीतून आणि नारळाच्या काथ्यातून गाळून डिझेल इंजिनाला जोडला. इंजिन चाललं. नाममात्र डिझेल, बाकी सगळी पऱ्हाटी. चक्की फिरली, अर्धी पायली ज्वारी दळून झाली, आणि मग त्या काळ्या डांबराने इंजिन जाम केलं.

मी त्यांना फळ्यावर सूत्रं काढून दाखवायला लागले. हवा कमी पडली की पूर्ण ज्वलन होत नाही, कार्बन मोनॉक्साइड निघतो, हायड्रोजन निघतो, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पोटभर हवा देली त नुसती जयते, अन् अर्धपोटी ठेवली त गॅस देते. असंच ना?" पुढे मी कितीतरी वर्षं हे मुलांना याच शब्दांत शिकवलं. श्रेय मात्र कधी दिलं नाही. आता पाहते तर हीच माझी सवय दिसते.

तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार मी तांड्यावर काढायला लागले. सकाळची एसटी, आर्णीला चहा, मग महागाव, फुलसावंगी आणि पुढे परसरामभाऊंच्या मोटरसायकलवर. घरच्यांना वाटायचं, बाईला संशोधनाचं वेड लागलं. खरं सांगायचं तर त्या घरात मला बरं वाटायचं. जमनाबाई भाकर आणि वांग्याची झणझणीत भाजी करायची आणि मला पाणी पिताना पाहून तोंडाला पदर लावून हसायची. कविता तेव्हा शाळेत होती. ती वहीत माझे आकडे उतरवून घ्यायची. परसरामभाऊ भट्टी पेटवताना मी दहा पावलं मागे सरकते, याची त्यांना फार मौज वाटे. कॉलेजात एवढ्या पोरायले आग शिकवता, अन् इथं पयता काहून, असं विचारत.

त्या भट्टीचं सगळं मर्म कोरडेपणात होतं. पऱ्हाटी ओली असली की आगीचा जोर पाणी उडवण्यातच जातो, आतला गळा तापत नाही, आणि गॅसऐवजी पांढरा धूर आणि डांबर निघतं. मी पऱ्हाटीचे तुकडे कॉलेजच्या ओव्हनमध्ये सुकवून, आधी आणि नंतर वजन करून ओलावा काढायचे. त्याला दिवस जायचा. परसरामभाऊ काडी कानापाशी धरून मोडत. "कट्ट वाजली त घ्या, कच्च वाजली त ठेवून द्या," एवढंच त्यांचं शास्त्र. मी एकदा हट्टाने त्यांच्याकडून दहा ढिगांतल्या काड्या कानाने निवडून घेतल्या आणि यवतमाळला आणून ओव्हनमध्ये घातल्या. त्यांच्या कानाची एकही चूक निघाली नाही. फोनवर सांगितलं तर म्हणाले, चला, तुमची भट्टी बी बराबर हाय म्हंजे.

ते मागच्या सालचीच पऱ्हाटी वापरत. नवी काढली की दगडांवर रचून ठेवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, वर तुराट्यांचं छप्पर. सरपणाच्या ढिगाला इतके लाड करणारा माणूस तांड्यात दुसरा नव्हता, आणि लोक त्यावरून त्यांना हसत. माझ्या शब्दावर मात्र त्यांचा असा विश्वास, की मलाच कधीकधी दडपण यायचं. एकदा मी बोलता बोलता म्हणाले, की या गॅसला रंग नाही, वास नाही, बंद जागेत माणूस बसल्या जागी जाईल. पुढच्या महिन्यात गेले तर चक्कीच्या शेडची अंगणाकडची भिंत गायब. जमनाबाई फणकारली होती, कारण त्या भिंतीवर तिच्या गोवऱ्या थापलेल्या असत. "मॅडमनं सांगतलं, मंग भिताड कायले ठेवू?" हे त्यांचं उत्तर. ती भिंत लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

तीन-चार वर्षांत डांबराचा बंदोबस्त झाला. गळा थोडा अरुंद केला, गाळणीत काथ्याऐवजी भुसा घातला, आणि चक्की आठवड्यातून चार-पाच दिवस पऱ्हाटीवर चालायला लागली. त्याच सुमारास एका योजनेसाठी गावं निवडायची होती. निवडलेल्या गावात मोठी भट्टी बसणार होती, चक्की आणि पाण्याचा पंप दोन्ही चालतील एवढी. मी अर्ज केला, खटपट केली, आणि तीन जणांची समिती तांड्यावर प्रात्यक्षिक बघायला येईल असं ठरलं. परसरामभाऊंना झोप लागेना. त्यांच्या तांड्याला पाण्यासाठी उन्हाळाभर खालच्या विहिरीवर जावं लागे, आणि या माणसाने मनात पाइपाची लाइनसुद्धा आखून ठेवली होती. तांड्याच्या नायकांच्या दारातून वळवायची की खालून न्यायची, यावर तांड्यात बैठकही झाली म्हणे.

त्या दिवशी मी सकाळी लवकर पोचले. परसरामभाऊंनी पऱ्हाटीच्या तुकड्यांच्या सहा बोऱ्या भरून शेडमध्ये दगडांवर ठेवल्या होत्या. मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाले, मी फाट्यावरून साहेबायले घेऊन येतो, तुमी पाहा इथलं. ते गेले. मी अंगणात उभी राहून पाहिलं. वारं सुटलेलं, अंगणातली माती भुरूभुरू उडत होती, बोऱ्या आतल्या अंधारात. मला वाटलं, साहेब येणार, काय हा अवतार. मी जमनाबाईच्या जावेला हाताशी घेऊन बोऱ्या उचलून शेडच्या कडेला, अंगणाच्या बाजूला, ओळीत मांडल्या. दिसायला बऱ्या दिसतील म्हणून. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं, जे आमच्या घरात आईच्या, आजीच्या तोंडून पाहुणे यायच्या दिवशी हमखास निघे. मी म्हणाले, "जमनाबाई, पाहुणे येतीन आता. सडा टाकून घ्या बरं जरा."

तिने एकदा बोऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मॅडम. तिने आणि जावेने चार बादल्या पाणी मारलं. माती छान बसली, गार वास सुटला. अंगणाला शेडकडे उतार होता आणि मध्ये भिंत नव्हती, कारण ती मी पाडायला लावली होती. पाणी बोऱ्यांच्या बुडाशी गेलं आणि पोत्यांनी ते गुपचूप पिऊन घेतलं. ओलाव्यावर धडे देणारी मी तिथेच उभी होते, आणि मला अंगण कसं प्रसन्न दिसतं याचंच कौतुक. रांगोळीपर्यंत मजल गेली नाही एवढंच.

समिती आली. तिघे पुरुष. त्यांतले एक उतरता उतरताच मला म्हणाले, मॅडम, तुम्ही म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसवाल्या का, आणि बाकीचे हसले. मीही हसले. परसरामभाऊंनी घाईने पहिल्या बोरीतली वरची काडी काढून कानाशी मोडली. कट्ट. त्यांनी मान डोलावली आणि भट्टी भरली. पहिली पंधरा-वीस मिनिटं काय देखणी गेली म्हणून सांगू. नळीच्या तोंडाशी गॅस पेटवून दाखवला, निळसर ज्योत उभी राहिली, मग इंजिन, मग चक्की. साहेबांनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. आणि मग बोऱ्यांच्या बुडातले तुकडे आत पडायला लागले... धूर पांढरा झाला, ज्योत लुकलुकून विझली. इंजिन खोकलं, दोनदा दम धरला, आणि बंद पडलं. पट्टा थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात दूर कुठे शेळी ओरडत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

परसरामभाऊंनी बोरीच्या तळात हात घातला, एक तुकडा काढला, कानाशी मोडला. कच्च. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, ओल्या मातीकडे. मग जमनाबाईकडे. समितीच्या प्रमुखांनी मला विचारलं, पाणी कसं शिरलं? सडा मी टाकायला लावला, एवढंच सांगायचं होतं. पण माझ्या कानात ते मघाचं हसू होतं. रसायनशास्त्राची प्राध्यापक, आणि पाहुणे येणार म्हणून इंधनावर सडा टाकते... पुढची दहा वर्षं हा किस्सा किती बैठकांत सांगितला गेला असता, कोण जाणे. आणि मी इंग्रजीत म्हणाले, की इंधनाची तयारी चालकाकडे होती. परसरामभाऊंना इंग्रजी कळत नव्हतं. पण सूर कळला असावा. ते पुढे झाले, हात पुसत, आणि म्हणाले, "गलती हमसे हुई, साब."

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. वाटलं ते वाटलं. त्याहून वाईट मी पुढे केलं. समितीला इंग्रजीत जो लेखी अहवाल द्यायचा होता, त्यात यंत्राची भरपूर तारीफ केली, आणि शेवटी एक ओळ घातली: चालकाच्या हलगर्जीपणामुळे इंधनात ओलावा राहिला आणि प्रात्यक्षिक अयशस्वी झालं. मनाशी समजूत घातली, की यंत्र वाचवायचं तर दोष माणसावर टाकलेला बरा. यंत्र काही वाचलं नाही. तांड्याचं नाव यादीतून गेलं. ज्याच्या कानाची एक चूक मला कधी निघाली नव्हती, त्याला मी कागदावर हलगर्जी ठरवलं.

त्यानंतर माझे रविवार कमी झाले. परीक्षा, मग आईचं दुखणं, मग निवृत्तीची कागदपत्रं. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. परसरामभाऊंनी चक्की आणखी काही वर्षं चालवली. पुढे ड्रमचा गळा गंजून फुटला, आणि तांड्यावर लाइटही बऱ्यापैकी टिकायला लागली. पण दरवर्षी दिवाळी झाली की त्यांचा फोन यायचा, न चुकता. ख्यालीखुशाली विचारून झाली की शेवटी म्हणायचे, "येता का मंग? पऱ्हाटी वायली हाय." मला वाटे, ही त्यांची बोलवायची तऱ्हा. कुणी हुरडा खायला या म्हणतं, हे पऱ्हाटी वाळली म्हणतात. मी म्हणे, येईन हो, नक्की येईन, आणि जात नसे. समोर गेले तर ते वाक्य सांगावं लागेल, ही भीती. आणि न सांगता त्यांच्या घरची भाकर खाववणार नाही, हेही ठाऊक होतं.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. डोळे दाखवायला ते यवतमाळला आले होते, आणि मला स्टँडवर अवचित भेटले. डोळ्यांवर काळा चष्मा, खाली तोच पांढरा इस्त्रीचा शर्ट. रसवंतीत बसलो. कविता आर्णीच्या शाळेत शिकवायला लागली होती, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी म्हणाले, परसरामभाऊ, त्या दिवशीचं एक बोलायचं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथं नोका बोलू. घरी या. घरी बोलू, भट्टीपाशी." तेवढ्यात महागावची गाडी लागली आणि ते पिशवी सावरत गेले. खिडकीतून हात केला. मी तेव्हाच पुढच्या गाडीने मागोमाग जायला हवं होतं... पण मी रसाचा उरलेला ग्लास संपवला आणि भाजी घेऊन घरी आले.

तेराव्याला मी गेले. माणसं पांगल्यावर जमनाबाई मला शेडमध्ये घेऊन गेली, कविताही आली. भिंत अजून नव्हती. भट्टी कोपऱ्यात, तिच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसलेली. आणि वरच्या लाकडी आड्याला, माणसाच्या डोक्यावर दोन हात उंच, दोराने टांगलेली एक बोरी.

मी विचारलं, हे काय? कविता म्हणाली, "मॅडमची बोरी. आमी असंच म्हनतो."

मग तिने सांगितलं. ती समिती आली त्या सालापासून, दरवर्षी पऱ्हाटी वाळली की बा उत्तम काड्या निवडत, एकेक कानाशी मोडून, बोटभर तुकडे करून एक बोरी भरत आणि आड्याला टांगत. खाली कधी ठेवत नसत. मॅडम आल्या की भट्टीचा गळा दोन दिवसांत जोडतो, पुन्हा पेटवून दाखवू, या खेपेला बिघडायचं नाही, असं म्हणत. दिवाळीनंतर फोन करायचा तो त्यासाठी. वर्षभर वाट पाहायची, नवी बोरी टांगली की जुनी चुलीत. अकरा बोऱ्या. ही शेवटची.

मी भट्टीजवळच्या दगडावर बसले आणि जमनाबाईला म्हणाले, सडा मी टाकायला लावला होता. अकरा वर्षांनी ते वाक्य तोंडाबाहेर पडलं, तेही भलत्या माणसासमोर. ती शांतपणे म्हणाली, "त्यायले मालूम होतं. मीच सांगतलं, त्याच सांजेले." आणि कविताने मान खाली घालून सांगितलं, की अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत आली होती, ती तिने बाला वाचून दाखवली होती. शेवटची ओळसुद्धा. हलगर्जीपणासाठी मी वापरलेल्या इंग्रजी शब्दाला तेव्हा तिला मराठी शब्द सापडत नव्हता, म्हणून तिने डिक्शनरी काढली होती.

"काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"मी लय भांडली," जमनाबाई म्हणाली. "म्हटलं, त्या बाईले फोन लावा, इचारा असं काहून लिवलं. त मलेच म्हने, सांगनारी पाहुनी होती, पानी मारनारी घरची. पाहुन्यावर दोष ठेवत असतेत का?" पदराने नाक पुसून ती पुढे म्हणाली, "अन् म्हने, मॅडम येईन तवा सोताहूनच बोलन. आपन तिले लाजवाचं नाही."

मी रडले. तेरा दिवस कोरडी राहिलेली मी त्या शेडमध्ये हमसून रडले, आणि जमनाबाई, जिचा नवरा गेला होता, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मला त्या हाताची लाज वाटत होती आणि तो तिने काढू नये असंही वाटत होतं. मी तिला म्हणाले, त्या कागदावरची ओळ मी खोडून देईन. त्या समितीचे लोक आता कुठे आहेत, तो अहवाल कुठल्या कपाटात आहे, हे मला माहीत नाही. म्हणून निदान इथे लिहिते आहे: परसराम आडे यांनी इंधन कोरडं ठेवलं होतं. ते मी ओलं केलं. आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

निघताना कविताने स्टुलावर चढून बोरी सोडली आणि मला दिली. मी नको म्हणाले, तर जमनाबाई म्हणाली, तुमच्या नावाची हाय, इथं ठेवून काय करू, आता नवी कोन भरन. एसटीत कंडक्टरने विचारलं, बोरीत काय हाय बाई? मी म्हणाले, पऱ्हाटी. यवतमाळला सरपण घेऊन जाणाऱ्या माझ्याकडे त्याने जरा निरखून पाहिलं आणि मग पुढच्या सीटकडे वळला.

आता ती बोरी माझ्या गॅलरीत, छताच्या कडीला टांगलेली आहे. जमिनीपासून चांगली उंच. फरशी धुणाऱ्या बाईला मी सांगून ठेवलं आहे, बादली इकडे आणायची नाही. तिला वाटतं, म्हातारीला काहीतरी झालं आहे. काल सकाळी मी खुर्चीवर चढले, बोरीचं तोंड सोडलं, आणि अगदी तळापर्यंत हात घालून एक काडी काढली. कानापाशी धरून मोडली. कट्ट वाजली, अगदी साफ. दरवर्षी दिवाळीनंतर ते मला हेच ऐकायला बोलावत होते, आणि मी म्हणत होते, येईन हो, नक्की येईन.